बँड सोडल्यावर एकट्याचा शांत अल्बम घरी कसा रेकॉर्ड करावा?

तुमचा प्रश्न असा: बरीच वर्षं रॉक बँडमध्ये गायलात, आता बँड सोडलाय, नागपुरातच घरी गिटार आणि आवाज एवढ्यावर संथ गाण्यांचा अल्बम करायचाय, पण रेकॉर्डिंग ऐकलं की आवाज अजून स्टेजवरचाच वाटतो.

नवा माइक घ्यायच्या आधी पट्टी बदला. बँडमध्ये पट्टी ठरते ती ड्रम आणि डिस्टॉर्शनच्या (इलेक्ट्रिक गिटारच्या फाटक्या, खरखरीत आवाजाच्या) वर आवाज निघावा म्हणून, म्हणजे ताणूनच गावं लागेल इतकी वर. त्याच पट्टीत हळू गायलं तर आवाज पातळ पडतो, नाहीतर नकळत जोर येतो. प्रत्येक गाणं २ ते ४ सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे गिटारवर एका फ्रेटचं अंतर) खाली आणून बघा. सगळ्यात वरची ओळ शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतो तेवढ्याच आवाजात लागली पाहिजे. खालची ओळ घशात घासायला लागली तर एक सेमीटोन परत वर. त्यासाठी गिटारच्या ताराच उतरवणार असाल तर ०.०१२ इंचापासून सुरू होणारा जाड तारांचा सेट लावा. ०.०१० च्या तारा दोन सेमीटोन उतरवल्या की ढिल्या पडून फ्रेटवर खडखडतात.

स्टेजवर ओठ माइकच्या जाळीला टेकवायची सवय असते, ती इथे मोडावी लागेल. कंडेन्सर माइकपासून (स्टुडिओतला, बारीक आवाजही टिपणारा माइक) एक वीत, म्हणजे १५ ते २० सेंमी अंतर ठेवा आणि मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे हवेचा झोत अडवणारी जाळी लावा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या माइकच्या जवळ जाल तसा खर्ज फुगतो. थोडा फुगवटा संथ गाण्याला शोभतो, पण फार जवळ गेलात की 'भ', 'फ', 'ख' प्रत्येक वेळी धप्पकन आदळतात, आणि मराठी ओळीत ही अक्षरं पावलोपावली येतात. म्हणून माइक तोंडासमोर धरू नका; नाकाच्या उंचीवर ठेवून किंचित खाली वळवा, हवेचा झोत त्याच्या खालून निघून जातो. रेकॉर्डिंग २४ बिटवर करा, मोठ्यात मोठ्या ओळीला मीटर उणे १२ डीबीच्या आसपास राहू द्या.

हळू गायचं म्हणजे गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) वाढवावा लागतो, आणि गेन वाढला की खोली ऐकू येते. नागपुरात खरी लढाई इथे आहे. उन्हाळ्यात कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलरचा घोंगाट सॉफ्टवेअरने काढायला गेलं तर श्वास आणि 'स'ची धारही सोबत जाते. गिटारचेही हाल होतात. कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बोटांना टोचतात, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली येते. कूलरच्या दमट हवेत आणि पुढे पावसाळ्यात तेच लाकूड फुगून ॲक्शन चढते. मग एकाच अल्बममधल्या दोन गाण्यांत एकच गिटार वेगवेगळी वाजते. केसमध्ये आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा, आणि शक्य असेल तर सगळं रेकॉर्डिंग डिसेंबर-जानेवारीत उरका; तेव्हा पंखाही लागत नाही. लग्नाच्या डीजेला रात्री १० ची कायदेशीर मर्यादा आहे, तेव्हा ११ नंतर बसा. सोनेगाव, वर्धा रोडकडे घर असेल तर विमानांच्या वेळा टिपून ठेवा. फ्रिज बंद करा. गुणगुण राहिलीच तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. गेली तर दोष बहुधा चार्जरचा किंवा घराच्या अर्थिंगचा.

भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवू नका, त्यांनी घुमारा जात नाही. माइक गायकाकडे बघतो, म्हणजे त्याला गायकाच्या पाठीमागची भिंत ऐकू येते. त्या भिंतीपासून १० सेंमी सोडून दोरीवर दोन जाड रजया टांगा. पक्कं काम हवं असेल तर ५० मिमी जाडीचं रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) कापडात शिवून घ्या.

गिटार आणि आवाज वेगवेगळे घ्यायचा मोह होईल. माझ्या मते संथ गाणी एकत्रच घ्यावीत, कारण क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठोक्यावर) घेतलेल्या गिटारवर नंतर गाताना ओळीच्या शेवटी थांबायची मोकळीक उरत नाही. गिटारचा माइक १२ व्या फ्रेटसमोर २५ सेंमीवर ठेवा, साउंडहोलसमोर नको, तिथे नुसता बूम भरतो. प्रत्येक माइकची पाठ दुसऱ्या आवाजाकडे करा. तरी थोडी गळती होणारच, त्यामुळे चुकलेली ओळ वेगळी दुरुस्त होत नाही. पूर्ण टेक परत घ्या.

डेमोही याच काळजीने करा. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने बँडसाठी म्हणून घरी चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर डेमो केले होते. बँडसोबत तीच गाणी जमेनात, आणि १९८२ मध्ये 'नेब्रास्का' म्हणून ती कॅसेटच बाहेर आली.

मिक्समध्ये आवाजावर ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर) आणि ३:१ कॉम्प्रेशन (मोठे आवाज दाबणं) लावा, ३-४ डीबीपेक्षा जास्त दाबू नका. मास्टर, म्हणजे शेवटची तयार फाइल, उणे १४ लफ्सच्या (LUFS, गाणं एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप) आसपास, पीक उणे १ डीबी. स्पॉटिफाय त्याहून मोठं गाणं स्वतःच खाली आणतं.

जुन्या बँडची गाणी नव्याने गाणार असाल तर चाल किंवा शब्दांत ज्यांचा वाटा आहे त्या प्रत्येकाची लेखी संमती घ्या. नुसतं व्हॉट्सॲपवरचं 'हो' पुरेसं धरू नका. कोणाचा किती टक्के हिस्सा हे त्या कागदावर लिहा, आणि डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्पॉटिफायसारख्या ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) फाइल चढवण्याआधीच सह्या घ्या.