धान्य फुकट वाटल्याने गरीब देशांतली भूक हटते का?

काही अंशी हटते. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाबद्दल मांडलं, की धान्य होतं, माणसांकडे ते विकत घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून रेशनइतकंच हाताला काम हवं.

आमच्या कोकण किनाऱ्यावर हे दर पावसाळ्यात दिसतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. खलाशाची मजुरी थांबते, कणगीतलं भातही तळाला गेलेलं असतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, आणि त्या दोन महिन्यांत त्याचा खरा आधार असतो. पण वर्षानुवर्षं मासळी साफ करून बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्या बायांचा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनवर उमटत नाही, तेव्हा त्यांना परत पाठवतात. हे मला फार लागतं. अंगठा नाही म्हणून कुणाचं धान्य अडवू नये, एवढं तरी आधी व्हावं.

कामाचं म्हणाल तर महाराष्ट्राने १९७७ मध्येच रोजगार हमी कायदा केला. १९९० पासून त्याला फळबाग लागवड जोडली आणि कोकणातल्या कितीतरी वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनींवर आंबा-काजू उभा राहिला. मजुरीही मिळाली, पुढचं उत्पन्नही.

ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शाळेतल्या जेवणाच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के पैसा छोट्या शेतकऱ्यांच्या मालासाठी राखला. इथेही शाळेच्या ताटात शेजारच्या वाडीतली नाचणी यावी, असं मला मनापासून वाटतं.