घरच्या घरी जिनचं हलकं, फुलांच्या वासाचं कॉकटेल कसं करायचं?

मोगऱ्याचा पाक करून ठेवा, बाकी काम दोन मिनिटांचं. साखर-पाणी समप्रमाणात उकळून पूर्ण गार करा. माठात टाकतो तशी ७-८ फुलं त्यात रात्रभर ठेवून सकाळी गाळा. गरम पाकात टाकू नका, माझी काळी पडली आणि पाक कडवट झाला. ग्लासभर बर्फावर ४५ मिली जिन, १५ मिली पाक, १५ मिली लिंबाचा रस, वरून गार सोडा. जिन साधी लंडन ड्राय चालते. तिच्यातल्या धण्याचा लिंबूसर वास मोगऱ्याशी छान जमतो. सोड्याऐवजी कडवट टॉनिक वॉटर मात्र नको, फुलाचा वास पार दबतो. आणि फुलं घरच्या कुंडीतलीच घ्या, बाजारच्या गजऱ्यावर फवारणी झालेली असू शकते.