सिझारो डब्ल्यूडब्ल्यूईत वर्ल्ड चॅम्पियन झालाच नाही, मग त्याला मोठा का म्हणायचं?

तुमचे प्रश्न तीन आहेत. ऑफिसच्या ग्रुपवर वाद चाललाय की सिझारो, म्हणजे क्लॉडिओ कास्टानोली, नुसता उचलाउचली करणारा होता की खरंच मोठा रेसलर. दुसरं, वाशी-ठाणे लोकलमध्ये बसून बघता येतील असे त्याचे सामने हवेत. तिसरं, तुमच्या कोपरखैरण्याच्या जिममधली पोरं त्याचा स्विंग, म्हणजे समोरच्याला पाय धरून गोल फिरवणं, एकमेकांवर करून बघतायत, त्यात धोका आहे का.

तिसऱ्याचं उत्तर आधी: आजच थांबवा त्यांना. का ते खाली सविस्तर लिहिलंय.

आता वादाचं. प्रो रेसलिंगमध्ये कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं. त्यामुळे किती बेल्ट मिळाले यावरून कंपनीचा एखाद्यावर किती भरवसा होता ते कळतं, त्याचं काम किती चोख होतं ते कळत नाही. काम रिंगमध्येच बघावं लागतं. ते बघितलं तर गेल्या पंधरा वर्षांत अमेरिकन टीव्हीवर आलेल्या रेसलरांमध्ये मी त्याला पहिल्या पाचात धरतो, आणि हे पूर्ण विचार करून लिहितोय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आपल्या मॅटवरच्या कुस्तीत समोरचा जीव तोडून विरोध करतो. प्रो रेसलिंगमध्ये उचलला जाणारा माणूस उचलणाऱ्याला मदत करतो. साधा सुप्लेक्स घ्या, म्हणजे समोरच्याला उलटा वर उचलून मागे पाडायचा डाव. ज्याला उचलायचंय तो गुडघे वाकवून स्वतः उडी मारतो, एका हाताने समोरच्याच्या कमरेवर रेटा देतो आणि पोट घट्ट धरून अंग ताठ ठेवतो. उचलणाऱ्याचं काम मुख्यतः दिशा देण्याचं आणि तोल सांभाळण्याचं. म्हणून नव्वद किलोचा माणूस सव्वाशे किलोच्याला सहज वर घेताना दिसतो.

सिझारो नेमकी हीच मदत काढून टाकायचा. समोरचा मॅटवर पालथा पडलेला, अंग सैल. हा त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घालतो. मॅटवरच्या कुस्तीत इथून भारंदाज लावून जमिनीवरच फिरवतात. हा मात्र त्याला सरळ वर उचलतो. वर येताना मध्ये, मांडीच्या उंचीवर, अर्धा-पाऊण सेकंद थांबतो. सगळं कसब त्या थांब्यात आहे. थांबलं की वेग शून्य होतो, म्हणजे उडीतून मिळालेला जोर संपतो, आणि पुढचं सगळं वजन पाठ, नितंब आणि मांड्यांवर येतं. पुढच्या वेळी त्याचा सामना बघाल तेव्हा वर उचललेल्या माणसाकडे बघू नका, सिझारोच्या गुडघ्यांकडे आणि कमरेकडे बघा. दुसरे रेसलर हा थांबा टाळतात, कारण तिथे पकड सुटली तर समोरचा मानेवर पडतो.

याचा सगळ्यात अवघड प्रकार रिंगच्या कडेवरचा. समोरचा दोरांच्या बाहेर, जेमतेम दोन फुटांच्या पट्टीवर उभा. सिझारो आतून मधल्या दोरावर चढतो, दोन्ही पाय दोरावर. दोर ताणलेला असला तरी पायाखाली खाली-वर होतोच. वाकून समोरच्याचं डोकं काखेत घेतो, कमरेला ट्रंक्स पकडतो, वरच्या दोरावरून त्याला उभाच्या उभा उलटा वर घेतो आणि मागे रिंगमध्ये पडतो. पाय सरकला तर दोघंही त्या कडेवर आपटतात, आणि ती रिंगमधली सगळ्यात कडक जागा, कारण खालीच लोखंडी चौकट असते. हा डाव तो वर्षानुवर्षं टाकत होता.

तुमच्या ग्रुपमध्ये कोणीतरी खलीचं नाव काढलंच असेल. ऑक्टोबर २०१३ च्या बॅटलग्राउंड या शोमध्ये सिझारोने खलीलाही स्विंग दिला होता. खलीचं कागदावरचं वजन दीडशे किलोच्या वर. फेऱ्या फार झाल्या नाहीत, पण पाय जमिनीवरून उचलून फिरवला, एवढं पुरेसं आहे. पुढच्या एप्रिलमध्ये, रेसलमेनिया ३० मध्ये (रेसलमेनिया म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा शो), आंद्रे द जायंट बॅटल रॉयल झाली, म्हणजे वरच्या दोराबाहेर पडेल तो बाद असा अनेकांचा सामना. त्यात त्याने बिग शोला उचलून वरच्या दोराबाहेर टाकलं. बिग शो कागदावर दोनशे किलोच्या आसपास.

उचलण्यावरच लिहीत बसलो तर तुमच्या मित्रांचंच म्हणणं खरं ठरेल, म्हणून पुढचं. त्याचा अपरकट बघा. हाताच्या पंजाने नाही, कोपर आणि मनगटामधल्या आतल्या भागाने तो छातीच्या वरच्या बाजूला आणि हनुवटीखाली बसतो. मार खाणाऱ्याने मान किंचित मागे नेली नाही तर दात वाजतात, आणि जास्त नेली तर फटका खोटा दिसतो. सिझारो तो धावत, उडी मारून, कोपऱ्यात एकामागून एक असा मारायचा आणि दर वेळी अंतर तेवढंच राखायचा. ज्यांच्याशी तो लढला त्यांपैकी बहुतेकांचे चांगले सामने त्याच्याशीच झाले. सॅमी झेन हा ठळक दाखला. ऑगस्ट २०१३ मध्ये एनएक्सटीत, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या नवोदितांच्या शोमध्ये, त्यांचा तीनपैकी दोन डाव जिंकायचा सामना झाला आणि २७ फेब्रुवारी २०१४ ला एनएक्सटी अरायव्हलमध्ये दुसरा. दुसऱ्यात झेन हरला, तरी त्याची उंची वाढली. हरवून समोरच्याला मोठं करणं सोपं नसतं.

मग वर्ल्ड चॅम्पियन का नाही केलं? माझ्या मते २०१४ चा उन्हाळा चुकला. त्याआधी फेब्रुवारीत स्मॅकडाउन या साप्ताहिक शोवर त्याने तेव्हाच्या चॅम्पियनला, रँडी ऑर्टनला, सरळ हरवलं होतं. रेसलमेनियात प्रेक्षक त्याच्या बाजूने उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी त्याला पॉल हेमनचा, म्हणजे रेसलरांच्या वतीने माइकवर बोलणाऱ्या खलनायकी मॅनेजरचा, माणूस केलं, म्हणजे खलनायकच ठेवलं. त्याच रेसलमेनियात हेमनच्या ब्रॉक लेस्नरने अंडरटेकरची सलग विजयांची मालिका मोडलेली. त्यामुळे सिझारोच्या शेजारी उभं राहून हेमन बोलायचे लेस्नरबद्दल. प्रेक्षकांना आवडणारा स्विंगही त्या काळात कमी झाला, कारण खलनायकाला टाळ्या मिळून चालत नाही. सहा महिन्यांत हवा गेली. डिसेंबरमध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख व्हिन्स मॅकमहन यांनी माजी रेसलर स्टीव्ह ऑस्टिनच्या पॉडकास्टवर सांगितलं की सिझारो लोकांशी जोडला जात नाही. ज्या माणसाचा स्विंग अख्खं स्टेडियम आकडे मोजत बघायचं, त्याच्याबद्दल हे म्हटलं गेलं. मला आजही ते पटत नाही.

माइकवर तो कमी पडायचा, हे मात्र मान्य करायला हवं. पाच भाषा येतात, पण रागाने, अडखळत, माणूस जसा बोलतो तसं बोलणं त्याला टीव्हीवर क्वचितच साधलं. आणि २०१२-१३ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचं दुय्यम युनायटेड स्टेट्स टायटल जवळपास आठ महिने त्याच्याकडे होतं तेव्हाचे बरेच सामने आज आठवत नाहीत. कारण त्यांत डाव होते, पण कशासाठी लढतोय ते नव्हतं.

टॅग टीमला, म्हणजे जोडीने लढण्याला, लोक शिक्षा समजतात. त्याच्या बाबतीत ते चुकीचं आहे. तो इंडिपेंडंट सर्किटमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांत, घडलाच ख्रिस हिरोबरोबरच्या किंग्ज ऑफ रेसलिंग या जोडीत. टायसन किडबरोबर फेब्रुवारी २०१५ मध्ये टॅग टायटल मिळालं, पण पुढे किडच्या मानेला गंभीर दुखापत झाली आणि ती जोडी संपली. २०१६ मध्ये शेमसबरोबर सात सामन्यांची मालिका झाली. शेमस ३-० ने पुढे, सिझारोने ३-३ केलं आणि सातवा निकालाविना सुटला. त्यानंतर दोघांनाच टीम केलं. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी न्यू डे या टीमची टॅग चॅम्पियन म्हणून ४८३ दिवसांची कारकीर्द संपवली आणि पुढे दोघांनी मिळून पाच वेळा टॅग टायटल घेतलं. सप्टेंबर २०१७ च्या नो मर्सी शोमध्ये रिंगच्या खांबावर तोंड आपटून सिझारोचे पुढचे दोन दात हिरडीत वर घुसले, तरी सामना पूर्ण केला. हीच टीम रेसलमेनिया ३४ मध्ये ब्रॉन स्ट्रोमन आणि प्रेक्षकांतून बोलावलेल्या दहा वर्षांच्या मुलासमोर हरवली गेली. सही-सही काम करणाऱ्यांच्या वाट्याला असं येतं, आणि त्याने तेही नेकीने केलं.

रेसलमेनियाच्या मुख्य कार्यक्रमात एकास एक सामना त्याला मिळाला थेट एप्रिल २०२१ मध्ये. सेथ रॉलिन्सला हरवलं आणि वीसच्या वर फेऱ्यांचा स्विंग दिला. पुढच्या महिन्यात रोमन रेन्सविरुद्ध टायटलचा सामना. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याने डब्ल्यूडब्ल्यूई सोडली, जूनमध्ये एईडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत आला आणि जुलैत रिंग ऑफ ऑनर या दुसऱ्या कंपनीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. डिसेंबर २०२२ च्या फायनल बॅटल शोमध्ये ख्रिस जेरिकोकडून ते टायटल परत घेतलं, तेही स्विंगमध्येच हार कबूल करायला लावून. म्हणजे वर्ल्ड चॅम्पियन तो झाला, फक्त त्या कंपनीत नाही.

लोकलसाठी: वाशी ते ठाणे साधारण अर्धा तास. पहिल्या दिवशी झेनविरुद्धचा अरायव्हलचा सामना बघा, वीस मिनिटांच्या थोडा वर, जाहिराती नाहीत, रबाळे-ऐरोलीपर्यंत संपतो. दुसऱ्या दिवशी रेन्सविरुद्धचा, सत्तावीस मिनिटांचा. सानपाड्याला सुरू केलात तर ऐरोली गेल्यावर शेवटचा टप्पा येतो, तो दाराकडे सरकता सरकता बघू नका, ठाण्याला फलाटावर थांबून पुरा करा. तिसऱ्या दिवशी जुलै २०१५ चा जॉन सीनाविरुद्धचा, रॉ या साप्ताहिक शोवरचा सामना. दात घुसलेला नो मर्सीचा सामना चौथा. रक्त चालत नसेल तर तो सोडा. बाकी शेमसच्या मालिकेतले पहिले तीन नाही बघितले तरी चालतील.

आता जिम. स्विंगमध्ये समोरच्याचे दोन्ही पाय काखेत घेऊन त्यांच्याभोवती हात आवळतात, मागे झुकतात आणि टाचेभोवती छोटी पावलं टाकत फिरतात. दिसतं सोपं. हिशोब करा: ज्याला फिरवताय त्याचं वजन ९० किलो, त्याचा मध्य तुमच्यापासून १.२ मीटरवर. दोन सेकंदांत एक फेरी असेल तर हातांवर बाहेरची ओढ साधारण १०८ किलोइतकी. तीच फेरी दीड सेकंदात केली की ती १९० किलोच्या वर जाते. वेग जरासा वाढवला आणि ओढ जवळपास दुप्पट झाली. घामेजल्या हातातून पाय तिथेच निसटतो.

दुसरा धोका पहिल्या अर्ध्या फेरीचा. वेग नसतो तेव्हा अंग खाली लोंबतं आणि डोकं जमिनीवर घासतं किंवा आपटतं. म्हणून फिरवला जाणारा हनुवटी छातीला लावून दोन्ही हात डोक्यामागे धरतो. पोरं नेमकं हेच विसरतात आणि हात पसरतात. तिसरं, जागा. डोकं मध्यापासून दोन मीटरवर फिरतं, म्हणजे किमान चौदा-पंधरा फूट मोकळी जागा हवी. डब्ल्यूडब्ल्यूईची रिंग वीस फुटांची, खाली लाकडी फळ्या, त्यावर फोम आणि कॅनव्हास, आणि ती दबते. तुमच्या जिममध्ये फरशीवर रबराची चटई आणि दोन हातांवर डंबेलचं स्टँड असणार. चौथं, थांबल्यावर कानाच्या आतलं पाणी फिरतच राहतं, त्यामुळे उचलणारा स्वतः कोसळतो आणि नेमका खाली ठेवलेल्यावर पडतो.

कोणी पडलाच आणि उलटी, मान दुखणं, हातापायांना मुंग्या किंवा गुंगी असं काही दिसलं तर त्याला उठवून बसवू नका. मान न हलवता आडवाच ठेवा आणि रुग्णवाहिका बोलावा.

सिझारोसारखी ताकद हवी असेल तर वाळूची पिशवी घ्या. जाड कॅनव्हासची, दुहेरी शिवलेली, आत वाळूची प्लास्टिकची थैली वेगळी बांधलेली, म्हणजे चटईवर सांडत नाही. पाऊणच भरा, वाळू आत सरकली पाहिजे, त्यानेच खरा माणूस उचलल्यासारखं वाटतं. नवख्याला २० ते ३० किलो पुरे. पाय खांद्याएवढे फाकवून, पिशवीला खालून विळखा, छाती तिला चिकटलेली, पाठ सरळ. पाच उचली, चार फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोनदा. पाठ गोल व्हायला लागली की त्या दिवशीचं संपलं. दोन-तीन आठवडे वीसही उचली स्वच्छ झाल्या तरच पाच किलो वाढवा. आणि पिशवी मांडीपर्यंत आली की लगेच वर ओढू नका. तिथे एक सेकंद थांबा, मग उचला.