गॅरेजवरचे जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे स्वतः काढले तर चालेल का?

पत्रे शाबूत असतील आणि तुमच्याकडच्या नियमांत बसत असेल तर चालेल, पण पत्रा ओला ठेवून, न फोडता, अख्खाच उतरवायचा. सिमेंटमध्ये पक्के बसलेले अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू सहसा त्रास देत नाहीत. पत्रा कापला, मोडला की ते हवेत सुटतात, फुप्फुसात रुततात आणि मेसोथेलिओमासारखा कर्करोग बहुधा 20 वर्षांनंतर डोकं वर काढतो. म्हणून साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा, प्रेशर वॉशर अजिबात नको. गंजलेला हुक-बोल्ट पिळत बसू नका, पत्रा तिथेच तडकतो. बोल्ट कटरने छाटा. पत्र्यावर पाय देऊ नका. तंतूंची धास्ती सगळे घेतात, खाली कोसळण्याची कुणी घेत नाही! मास्क एफएफपी3 दर्जाचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा हवा, कापडी मास्क निरुपयोगी. अंगावर घालायचा संरक्षक सूटही एकदा वापरून टाकून द्यायचा. झाडू किंवा घरचा व्हॅक्यूम न वापरता ओल्या फडक्याने पुसा. पत्रे जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळा, टेप लावा, वर ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ लिहा आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या. ते किती आणि कसे घेतात हे काम सुरू करण्याआधीच विचारा. पत्रे भुसभुशीत किंवा फुटके असतील तर मात्र परवानाधारक माणूसच बोलवा.