बीच क्लीनअपला जाऊन खरंच फायदा होतो का? समुद्रात जाणारं प्लॅस्टिक थांबवायला साध्या माणसाने काय करावं?

जा की, जरूर जा. पण किनाऱ्यावर सापडतं ते समुद्राने परत केलेलं असतं, खरं काम नाल्यावर आणि तुमच्या ओट्याखालच्या डब्यात आहे.

मी मुंबईतल्या वेसाव्याचा (वर्सोवा), कोळी. बाबांची डोल होती, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं, ओढ जे आणेल ते आत. जून-जुलै मासेमारी बंद आणि त्याच दोन महिन्यांत मुंबईचे सगळे नाले खाडीत रिकामे होतात, त्यामुळे ऑगस्टचं पहिलं जाळं म्हणजे विचारूच नका. एकदा बाबांसोबत गेलेलो, जाळं एवढं जड की आम्ही दोघं खूश, होडीत घेतलं तर मूठभर जवळा आणि बाकी दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, चपला, आणि एक गाठ मारलेली पिशवी, आत फुलांचा काळा चिखल आणि उदबत्तीचा पुडा. बाबा काही बोलले नाहीत, दुपारभर जाळ्यातून एकेक पिशवी सोडवत बसले. डिझेलचे पैसे पण सुटले नाहीत.

आणि त्याच वर्षी गणपतीनंतर आमच्या भावजींनी वाशीच्या पुलावर गाडी थांबवली आणि निर्माल्याची पिशवी जाळीवरून भिरकावली खाडीत! मी म्हटलं फुलं टाका एकवेळ, पिशवी कशाला? तर म्हणे "देवाचं आहे, पायदळी येऊ नये, आणि समुद्र घाण तुम्ही कोळीच करता." आईसमोर. दीड वर्ष बोलणं बंद होतं आमचं.

असो. २०१८ ला राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, पहिल्या वेळेला ५ हजार दंड, तरी भाजीवाल्याकडे पिशवी मागणारे आपणच. ओला-सुका वेगळा ठेवा, खरकट्यात माखलेली पिशवी कचरा वेचणाऱ्या बायका पण उचलत नाहीत, मग ती जाते नाल्यात. दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून टाकू नका, पिशवीलाच राहू द्या, तो चिमूटभर तुकडा कोणी वेचत नाही. निर्माल्य कलशात, पिशवी घरी परत.

मुंबईचे वकील अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये वेसाव्याचा किनारा साफ करायला घेतला, २०१८ ला तिथे कासवाची पिल्लं दिसली, त्यामुळे क्लीनअप फुकट असं मी म्हणणार नाही. मी पण गेलोय. पण पुढच्या उधाणाला किनारा पुन्हा भरतो हे पण बघितलंय.

आता खरं सांगायचं तर फाटलेली नायलॉनची जाळी आमच्याकडूनही समुद्रात गेलीत, बाबांकडूनही. तेवढं भावजींचं बरोबर होतं. पिशवीचं नाही. ताई हल्ली निर्माल्य कुंडीत घालते, भावजी अजून मानत नाहीत, ते इथे वाचतात बहुतेक. भावजी, वाचा.