वाचकांचे प्रश्न : वादळ, वाडी आणि बावटा

मागच्या महिन्यात किनाऱ्यावरच्या वादळांबद्दल विचारा म्हटलं तर एवढी पत्रं आणि मेसेज आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता माहितीचा नाहीये. काही प्रश्न एकत्र केलेत, तुम्ही सांगितल्याप्रमाणे नावं छापत नाहीये.

आजोबा सांगायचे की अरबी समुद्र शांत, वादळं सगळी बंगालच्या बाजूला होतात. मग निसर्ग आणि तौक्ते लागोपाठ दोन वर्षं कशी काय आली? आणि 1882 साली मुंबईत वादळाने एक लाख माणसं मेली असा मेसेज फिरतोय, तो खरा आहे का? (एक वाचक, बोरिवली, मूळ गाव हरिहरेश्वरजवळ)

आधी 1882 चं सांगते कारण ते सोपं आहे. असं वादळ झालेलंच नाही. तेव्हा मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखाच्या आसपास होती, म्हणजे दर आठातला एक माणूस मेला असता आणि त्या काळच्या वर्तमानपत्रात, हवामानाच्या नोंदीत त्याचं अवाक्षर नाही, हे होईल का? अभ्यासकांनी शोधून बघितलं, काही सापडलं नाही. कुठल्यातरी यादीत चुकून शिरलं आणि मग एकाने दुसऱ्याचं उतरवून घेतलं. मेसेज पुढे पाठवू नका. खरी वादळं झालीत ना, 1854 च्या नोव्हेंबरात मुंबई बंदराला तडाखा बसला होता, 1948 च्या नोव्हेंबरात परत.

आता आजोबांचं. ते चुकीचं सांगत नव्हते. वादळाला समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं लागतं आणि खालच्या आणि वरच्या थरातल्या वाऱ्यात फार फरक नको, आणि अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा थंड, त्यामुळे तिकडे चार झाली तर इकडे एक असंच प्रमाण होतं. शिवाय इकडे झालेली बरीचशी ओमान, येमेन नाहीतर गुजरातकडे निघून जायची. आपल्या किनाऱ्यावर सरळ येऊन आदळणं फारच कमी, म्हणून दोन-तीन पिढ्यांच्या आठवणीतच ते नव्हतं.

पण समुद्र तापलाय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 पासूनच्या नोंदी तपासल्या, त्यात 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातली वादळं आधीच्या वीस वर्षांच्या तुलनेत सुमारे 52 टक्क्यांनी वाढलेली दिसली, बंगालच्या उपसागरात उलट 8 टक्क्यांनी कमी. 2007 ला गोनू, 2019 ला क्यार, ही दोन्ही सगळ्यात वरच्या वर्गातली, सुपर सायक्लोन. क्यार आपल्याकडे आदळलं नाही, लांबून गेलं, तरी 2019 ची दिवाळी आठवा, कोकणात कापलेलं भात शेतात भिजून कोंब फुटले होते.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू का, वादळ किती जोरात आलं यापेक्षा कुठल्या महिन्यात आलं ते. फयान 11 नोव्हेंबर 2009 ला अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये आलं, वाऱ्याने निसर्गपेक्षा बरंच हलकं, पण ऐन मासेमारीच्या हंगामात, होड्या बाहेर खोल समुद्रात, त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कितीतरी खलाशी परत आले नाहीत. निसर्ग आलं 3 जून 2020 ला, मासेमारीचा हंगाम संपत आलेला, बहुतेक होड्या वर ओढून शाकारलेल्या, समुद्रात माणूस फारसा नाही. मग त्याने काय घेतलं, तर घरं आणि वाड्या. तौक्ते मे 2021 च्या मधोमध किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातला गेलं, तेव्हा झाडावर शेवटचा हापूस होता तो सगळा खाली. म्हणून कोकणात वादळाने काय नुकसान होतं याला एकच उत्तर नाही, कोळ्यांचं वेगळं, बागायतदाराचं वेगळं, भातवाल्याचं वेगळं.

निसर्गच्या दिवशी दुपारी आमच्याकडे वारा एकदम थांबला. आम्हाला वाटलं गेलं, माझे सासरे पत्रे गोळा करायला बाहेर पडले, आणि मग आधीपेक्षा जोरात उलट्या बाजूने आला. सासरे थोडक्यात वाचले. असं का झालं? (श्रीवर्धन तालुका)

सासरे वाचले हे वाचून खरंच बरं वाटलं. तुमचं गाव बरोबर वादळाच्या वाटेत होतं. चक्रीवादळ म्हणजे गोल फिरणारी हवा, आपल्या बाजूला घड्याळाच्या उलट दिशेने फिरते आणि मधे डोळा असतो, तिथे वारा जवळजवळ नसतो. निसर्ग दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान जमिनीवर आलं, वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर. डोळा यायच्या आधी तुमच्याकडे डोंगराच्या बाजूने, म्हणजे पूर्व-आग्नेयेकडून वारा होता, मग डोळा डोक्यावरून जाताना शांत, आणि तो सरकला की पलीकडची बाजू आली, तिचा वारा समुद्राकडून. आधीच्या वाऱ्याने झाडांची मुळं एका बाजूला हलवलेली, जमीन भिजलेली, त्यात उलटा धक्का, म्हणून कितीतरी माड-पोफळी दुसऱ्या फेरीत गेल्या.

मधे शांत झालं म्हणजे वादळ संपलं नाही, हे घरातल्या पोराटोरांनासुद्धा पाठ करून ठेवा. अर्धा तास, पाऊण तास काहीही असू शकतं, बाहेर पडायचं नाही.

अजून एक, आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे केंद्राच्या दक्षिणेकडच्या गावांना वारा समुद्राकडून जमिनीवर येतो आणि पाणी आत ढकलतो. केंद्र रायगडात होतं तरी मंडणगड-दापोलीने एवढा मार खाल्ला त्याचं एक कारण हे. आणि टीव्हीवर त्या दिवशी सकाळपासून मुंबई मुंबई चाललेलं, मुंबई वाचली म्हटल्यावर बातमी संपली. आमच्याकडे तर फोनच लागत नव्हते, गावात काय झालंय हे सांगायला कोणाकडे नेटवर्क नव्हतं. मला स्वतःला आईचा आवाज चौथ्या दिवशी ऐकायला मिळाला. तो राग अजून गेलेला नाही.

आमची 30 गुंठ्यांची वाडी. चारशेच्या आसपास पोफळी होत्या, साठ उरल्या. मदत मिळाली ती पत्र्यातच गेली. मुलगा म्हणतो वाडी मोडून कॉटेज बांधू, टुरिस्ट येतात. मी 68 वर्षांचा आहे. परत सुपारी लावावी का? (दिवेआगरजवळ)

काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी मदतीचं, कारण शहरातल्या वाचकांना हे कळत नाही. निसर्गनंतर सरकारने बागायतीची मदत वाढवून हेक्टरी 50 हजार केली, ऐकायला मोठी रक्कम. पण आमच्याकडे हेक्टरात वाडी असते कोणाची? हेक्टरी 50 हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. काकांच्या 30 गुंठ्यांचे झाले 15 हजार, चारशे झाडांवर वाटले तर एका पोफळीला चाळीस रुपयेसुद्धा नाहीत. म्हणूनच लोक म्हणत होते की हेक्टरावर नको, झाडावर मोजा. भाताच्या शेतासाठी बनवलेलं माप वाडीला लावलं की असं होतं. भात गेलं तर पुढच्या वर्षी परत येतं, पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं, बाणवली माडाला पण तेवढीच, आणि भरात यायला त्याहून जास्त.

आता लावावी का. मी म्हणेन लावा, पण आधी होती तशी नको. नुसती पोफळ एके पोफळ केली तर सहा वर्षं हातात काही नाही. कोवळ्या पोफळीला सावली लागतेच, तर मधे केळ लावा, वर्षभरात पैसे येतात आणि सावली पण होते. उरलेल्या साठ झाडांवर मिरी चढवा, तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरते. माडाच्या सावलीत जायफळ, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण सुगंधा जात आहे. श्रीवर्धनला विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे, रोपं घ्यायच्या आधी तिथे एकदा जाऊन या, श्रीवर्धनी रोठ्याचं, म्हणजे आपल्या इथल्या सुपारीचं, बियाणं कुठूनही उचलू नका.

एक-दोन गोष्टी आमच्या घरी चुकल्या त्या सांगते. पडलेली माडाची खोडं आम्ही वाडीच्या कोपऱ्यात तशीच कुजत ठेवली, उचलायला माणूसच मिळत नव्हता, लॉकडाउन चालू, सगळ्या गावाची झाडं एकदम पडलेली. त्या कुजक्या खोडात गेंड्या भुंगा झाला आणि वाचलेल्या माडांवर चढला. तुमच्याकडे अजून खोडं असतील तर फोडून जाळा नाहीतर बाहेर काढा. आणि वाचलेल्या पोफळी, ज्यांच्या आजूबाजूची सावली गेली, त्यांच्या खोडाला दुपारचं पश्चिमेचं ऊन सरळ लागतं, खोड भाजून तडकतं. आम्हाला वाटायचं रोग आहे. त्या बाजूने झावळ्या बांधल्या तरी फरक पडतो.

समुद्राच्या बाजूला सुरूची झाडं लावू नका असं मी म्हणेन, सरकारी खात्याने लावलेले सुरू वाळूत किती वरवर धरलेले होते ते आपण आडवे पडल्यावर बघितलंच. उंडी, केवडा, कोकम ही आपली झाडं आहेत, हळू वाढतात पण धरून राहतात. वाळूच्या टेकाडावरची मर्यादवेल उपटून तिथे स्टॉल लावतात ते बघवत नाही मला.

मुलाला रागावू नका. त्याला पण घर चालवायचंय. पण दोन खोल्या बांधून बाकी 25 गुंठे वाडी ठेवली तर टुरिस्ट त्या वाडीसाठीच येणार आहे ना, सिमेंट बघायला तो इतक्या लांब कशाला येईल? हे त्याच्याशी बोला. आणि 68 म्हणजे काही वय नाही, माझ्या वडिलांनी 71 व्या वर्षी नवीन माड लावलेत, त्यांची शहाळी ते स्वतः पिणार असं ते सांगतात.

बाबा सांगतत तीन नंबरचो बावटो लागलो की होडी काढूची नाय. हे नंबर काय असतात, जास्त नंबर म्हणजे जास्त धोका का? (देवगड, कॉलेजला आहे)

हो, साधारण तसंच. बंदरावर दिवसा खांबाला खुणा आणि रात्री दिवे लावतात, 1 ते 11 नंबर. एक आणि दोन म्हणजे वादळ लांब खोल समुद्रात आहे. तीन म्हणजे तुमच्याच बंदरात वाऱ्याचे झोत येण्याची शक्यता, चार म्हणजे बंदराला वादळाचा इशारा, 8-9-10 महाधोका. 11 वेगळा आहे, त्याचा अर्थ हवामान खात्याशी संपर्कच तुटलाय आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला लक्षण वाईट दिसतंय. तुझे बाबा तीनला थांबतात ते अगदी बरोबर. 2017 च्या डिसेंबरात ओखीच्या वेळी केरळ-तामिळनाडूच्या होड्या तुमच्याच देवगड बंदरात आसऱ्याला आलेल्या, शेकडो खलाशी, बाबांना विचार, त्यांना आठवत असेल.

वादळांना नावं कोण ठेवतं? (इयत्ता सातवी, रत्नागिरी)

आपल्या दोन्ही समुद्रांभोवतीचे 13 देश मिळून यादी करतात. 2020 मध्ये नवी यादी आली, प्रत्येकाची 13 नावं, म्हणजे 169. निसर्ग हे त्या यादीतलं पहिलं नाव, बांगलादेशने दिलेलं. तौक्ते म्यानमारचं, त्यांच्या भाषेत एक मोठ्या आवाजाची पाल असते तिचं नाव. वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरच्या वर गेला की मगच नाव मिळतं.

आई-वडील गावाला दोघंच, मी पनवेलला. दर मे महिन्यात पोटात गोळा येतो. काय करून ठेवू? (पनवेल)

तुमच्यासारख्या सतरा जणांनी हेच विचारलंय.

फोन बंद पडणार हे धरूनच चाला. गावातला एक तरुण माणूस ठरवा, जो वादळ गेल्यावर तुमच्या घरी जाऊन बघेल आणि जिथे रेंज असेल तिथपर्यंत जाऊन तुम्हाला कळवेल, आणि त्याला हे आधी सांगून ठेवा, त्या दिवशी नाही. कौलारू घर असेल तर जवळचं स्लॅबचं घर किंवा शाळा कुठली ते बघून ठेवा, वडील जायला नाही म्हणतील, माझे पण नाही म्हणाले होते, तेव्हा शेजाऱ्यांना सांगून ठेवा की हाताला धरून न्या. घरावर झुकलेल्या माडाचे नारळ आणि सुकलेल्या झावळ्या मे महिन्यातच उतरवून घ्या. औषधं महिन्याची, थोडी रोख रक्कम कारण एटीएम चालणार नाही, सातबारा आणि पासबुक प्लास्टिकमध्ये. घराचे आणि वाडीचे फोटो आत्ताच काढून ठेवा, पंचनाम्याला आधी काय होतं हे दाखवायला काही नसतं. पडलेल्या तारेला हात लावायचा नाही, वीज नाहीये असं वाटलं तरी.

आणि पाणी. निसर्गनंतर कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, पंप बंद, टाक्या रिकाम्या, विहीर भरलेली पण पाणी काढायला साधन नाही, कारण पंप बसल्यावर सगळ्यांनी रहाट-गडगडे काढून टाकले होते. आमच्या शेजारच्या आजींनी माळ्यावर जुना पोहरा जपून ठेवला होता, त्या एका पोहऱ्यावर अख्ख्या आळीने अकरा दिवस पाणी काढलं. या मे महिन्यात गावाला जाल तेव्हा विहिरीवर गडगडा परत बसवून घ्या, आणि दोर नायलॉनचा घ्या, चांगला लांब.