शोधनिबंध कोणासाठी खुला आणि कोणाच्या खर्चाने?

प्रश्न : मी कोल्हापुरात राहून वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते. राधानगरी परिसरातील नेच्यांवरचा (फर्न) माझा निबंध तयार आहे. परवा एका आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या जर्नलचा ईमेल आला. ‘तीन दिवसांत स्वीकृती, ओपन ॲक्सेस, शुल्क साडेतीन हजार रुपये, यूजीसी केअर मान्यता, इम्पॅक्ट फॅक्टर ७.८’ असे त्यात लिहिले आहे. विभागातले काहीजण म्हणतात, ओपन ॲक्सेस म्हणजे पैसे भरून छापणेच. मग या वाटेला जाऊच नये का?
– एक संशोधक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : आपल्या विभागात जे बोलले जाते ते चुकीचे आहे आणि त्या चुकीचा फायदा हा ईमेल पाठवणाऱ्यांनाच होतो. २००२ साली बुडापेस्ट येथील जाहीरनाम्यात ओपन ॲक्सेसची जी व्याख्या केली गेली, ती वाचकाच्या बाजूने आहे : संशोधन कोणालाही विनामूल्य वाचता यावे, उतरवून घेता यावे, इतरांना देता यावे आणि पुढील अभ्यासात वापरता यावे. लेखकाने पैसे भरावेत अशी अट त्यात नाही. संपादनाचा आणि संकेतस्थळाचा खर्च कोणीतरी करावाच लागतो. तो कोठे विद्यापीठ करते, कोठे विद्वत्संस्था, तर कोठे लेखकाकडून शुल्क घेतले जाते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात २००३ साली सुरू झालेल्या ‘डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स’ या सूचीतील निम्म्याहून अधिक जर्नल्स लेखकाकडून एक रुपयाही घेत नाहीत. उलट ‘नेचर’सारख्या नामांकित जर्नलने २०२१ पासून खुल्या प्रकाशनासाठी ९,५०० युरो शुल्क ठरवले. तेव्हा शुल्क घेतात म्हणून जर्नल खोटे ठरत नाही आणि घेत नाहीत म्हणून खरेही ठरत नाही.

खरी परीक्षा एकच आहे : आपला निबंध कोणीतरी जाणकाराने वाचला का? नेच्यांवरच्या निबंधात बीजाणूंची छायाचित्रे असतील, वनस्पतिसंग्रहात ठेवलेल्या नमुन्यांचे क्रमांक असतील, एखाद्या प्रजातीच्या ओळखीबद्दल मतभेद असतील. दोन-तीन परीक्षक शोधायचे, त्यांनी होकार द्यायचा, नमुने जुन्या नोंदींशी ताडून पाहायचे, शंका लिहून कळवायच्या आणि आपण त्यांची उत्तरे द्यायची, हे सारे तीन दिवसांत होणे शक्य नाही. ‘तीन दिवसांत स्वीकृती’ याचा अर्थ ‘आम्ही वाचणार नाही’ एवढाच होतो.

गेल्या पावसाळ्यात एक विद्यार्थी अशाच एका जर्नलचा अंक घेऊन माझ्याकडे आला होता. पहिला निबंध हळदीच्या लागवडीवर, दुसरा जीएसटीवर, तिसरा कबड्डीपटूंच्या दमसासावर. हळदीच्या निबंधातील दुसऱ्या तक्त्याचा मथळा भाताच्या वाणांचा होता. दुसऱ्या एखाद्या लेखनातून तो तक्ता उचलताना मथळा बदलायचा राहून गेला असावा. लेखकाच्या ते लक्षात आले नाही हे एक वेळ समजू शकते, पण संपादकाच्याही नाही, परीक्षकाच्याही नाही. त्या मुलाने शिष्यवृत्तीतून पैसे भरले होते. मला त्याचा राग आला नाही, फार वाईट मात्र वाटले.

आता ईमेलमधल्या बाकीच्या दाव्यांविषयी. अशा ईमेलमध्ये ‘आयएसएसएन’ असल्याचेही सांगतात, पण तो केवळ नियतकालिकाचा ओळखक्रमांक असतो, त्यावरून दर्जा कळत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधील निबंधांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा संदर्भ देतात याचा आकडा. त्यातील जो सर्वमान्य आहे, तो क्लॅरिव्हेट ही संस्था दरवर्षी प्रसिद्ध करते. इतर कोणीही पैसे घेऊन दिलेला तसा आकडा निरर्थक होय. ‘यूजीसी केअर’ ही मान्य जर्नल्सची सूची तर विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि जर्नल निवडण्यासाठी केवळ मार्गदर्शक निकष दिले. त्या सूचीचा जन्म कशातून झाला हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आयोगाच्या आधीच्या मान्यताप्राप्त यादीतील १,००९ जर्नल्स डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली, तेव्हा सुमारे ८८ टक्के जर्नल्स निकषांत बसली नाहीत. २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी आयोगाने हजारो जर्नल्स यादीतून वगळली. शासकीय यादीत नाव आहे म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवणे किती महागात पडते, हे आपण सर्वांनी तेव्हा पाहिले.

आपण असे करावे. ईमेलमधील दुव्यावर न जाता जर्नलचे नाव ‘डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स’मध्ये स्वतः शोधावे, कारण चांगल्या जर्नल्सची हुबेहूब नक्कल केलेली संकेतस्थळेही आहेत. संपादक मंडळातील एखाद्या प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहून ‘आपण या मंडळावर आहात का’ असे विचारावे. आपल्या विषयावरचे त्यातील दोन-तीन निबंध सावकाश वाचावेत. चांगल्या जर्नलचे शुल्क परवडत नसेल तर सवलतीचा अर्ज निबंध सादर करण्यापूर्वीच करावा, स्वीकृतीनंतर तो सहसा विचारात घेतला जात नाही. शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांनाही विचारावे, हे त्यांचे रोजचे काम आहे. निबंध त्या ईमेलवाल्यांकडे गेलाच असेल, तर पैसे न भरता तो मागे घेत असल्याचे आजच लेखी कळवावे. एकदा तेथे छापला गेला की तोच निबंध दुसरीकडे देता येत नाही आणि काढून टाकण्यासाठीही पैसे मागितले जातात.

आणखी एक. आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत प्रबंधापूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती उरलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते लेखी विचारून घ्यावे. घाई नियमामुळे आहे की केवळ ऐकीव गोष्टींमुळे, हे त्यातून कळेल.

प्रश्न : आमचे करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. तीन हंगामांपूर्वी एका संशोधकांनी भेंडीच्या पाण्याने रस किती निवळतो हे पाहण्यासाठी आमच्या काहिलीतला रस, मळी आणि गूळ यांचे नमुने नेले. निबंध छापून आल्याचे कळले. मुलाने मोबाईलवर शोधला, तर सारांशाच्या पुढे पान उघडत नाही, पैसे मागतात. आमच्याच गुळाविषयी आम्हाला वाचता येऊ नये?
– एक गुऱ्हाळमालक

उत्तर : आपला प्रश्न वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. ज्यांच्या चुलवाणापाशी उभे राहून नमुने घेतले, त्यांच्यासाठीच दार बंद राहावे, हे कोणत्याही हिशेबाने योग्य नाही.

केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये खर्चून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स ६,३०० हून अधिक शासकीय संस्थांना उपलब्ध झाली आहेत. विद्यार्थ्यांसाठी ही मोठी सोय आहे, परंतु त्या संस्थांच्या बाहेर असलेल्या आपल्यासारख्या वाचकाला तिचा उपयोग नाही. विकत घेतलेले वाचन आणि खुले वाचन यांतला फरक हाच.

तरीही मार्ग आहे. त्या संशोधकांना सरळ लिहा आणि निबंधाची प्रत मागा. बहुतेक प्रकाशक लेखकाला आपली प्रत विचारणाऱ्याला व्यक्तिशः पाठवू देतात. त्यांना हेही सांगा की, परीक्षणानंतर स्वीकारले गेलेले पण प्रकाशकाच्या मांडणीत न बसवलेले हस्तलिखित ठरावीक मुदतीनंतर विद्यापीठाच्या सर्वांना खुल्या ऑनलाइन भांडारात ठेवण्यास अनेक जर्नल्स परवानगी देतात. त्यासाठी लेखकाला काहीही खर्च येत नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने आणि जैवतंत्रज्ञान विभागाने डिसेंबर २०१४ मधील धोरणात आपल्या निधीतून झालेल्या संशोधनाबाबत हीच अपेक्षा ठेवली आहे. ते काम पीएच.डी.चे असेल, तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात प्रबंध शोधा. तेथे तो मिळाला तर विनामूल्य वाचता येतो, आणि प्रबंधात निबंधापेक्षा पुष्कळ अधिक तपशील असतो.

संशोधक वाचकांना माझी विनंती आहे की, नमुने नेताना दिलेला शब्द लक्षात ठेवावा. रसाच्या किती आदणांवर प्रयोग झाला, भेंडीचे पाणी किती घातले, रंगात आणि टिकण्यात काय फरक पडला, एवढे मराठीत एका पानावर लिहून गुऱ्हाळावर नेऊन द्यायला एक दुपार पुरते.

प्रश्न : खुल्या परवान्याखाली निबंध दिला तर कोणीही तो आपल्या नावावर खपवील, अशी भीती वाटते.
– एक प्राध्यापक, गडहिंग्लज

उत्तर : क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘सीसी बाय’ परवान्यात मूळ लेखकाचे नाव देणे बंधनकारक असते, त्यामुळे नाव गाळून वापर करणे हा परवान्याचा भंगच होय. स्वामित्वहक्कही साधारणतः आपल्याकडेच राहतो, तरी सही करण्यापूर्वी करारातील ते कलम वाचून घ्यावे. वर्गणीच्या जर्नलमध्ये हा हक्क पुष्कळदा प्रकाशकाच्या नावे लिहून द्यावा लागतो. चोरी दोन्हीकडे होऊ शकते. मात्र सर्वांसमोर असलेल्या, तारीख आणि डीओआय (निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक) असलेल्या निबंधातील उचल पकडणे अधिक सोपे जाते, कारण मूळ मजकूर कोणालाही उघडून ताडून पाहता येतो.